"तू फक्त अभ्यास कर" म्हणणाऱ्यांनो...

घरातलं पोर परदेशी शिकायला निघालं की आपल्याकडे एक वाक्य हमखास म्हटलं जातं. "तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो." म्हणणाऱ्याचा गळा दाटलेला असतो, ऐकणाऱ्याचे डोळे भरलेले असतात, आणि बाजूला उभ्या असलेल्या आम्हा म्हाताऱ्यांनी मान डोलवावी अशी अपेक्षा असते. मला या वाक्याचा राग येतो. आज त्या रागाबद्दलच लिहिणार आहे. आमचे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा 'लेकी बोले सुने लागे' असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

"बाकीचं" म्हणजे नेमकं काय हो? फी भरलेली असते, कर्ज काढलेलं असतं, तिकीट झालेलं असतं. उरतं काय, तर खोलीचं भाडं, वीज, गॅस, पाणी आणि इंटरनेट. यातलं तळीयेत बसून आपण काय बघणार? शेफील्डमधल्या घराचं मीटर माझ्या ओटीवरून दिसत नाही. बिल येणार पोराच्या मोबाईलवर, इंग्रजीत नाहीतर जर्मनमध्ये, आणि ते समजून घ्यायचं की घाबरून भरून टाकायचं हे त्या पोरालाच ठरवायचं असतं. तेही रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशी परीक्षा असताना.

महाड तालुक्यातलं आमचं तळीये २२ जुलै २०२१ च्या दरडीमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. त्याबद्दल आज लिहीत नाही, अजून हात चालत नाही. पण एवढं सांगते की या डोंगरातल्या वाड्यांमधली मुलं आता मुंबई-पुण्यापर्यंत थांबत नाहीत. महाड-पोलादपूरकडच्या घरांतली मुलं इंग्लंड, जर्मनी, आयर्लंडला जातात. जमीन नाहीतर राहतं घर तारण ठेवून जातात. म्हणूनच हा विषय मला चार पैशांच्या काटकसरीचा वाटत नाही.

आमच्या नात्यातली एक मुलगी शेफील्डला एम.एस्सी. करते. नाव लिहीत नाही, तीही हे वाचते. डिसेंबरात तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती खोलीत कोट घालून, कानटोपी ओढून बसली होती. मी म्हटलं, "अगं, बाहेर निघालीस का?" तर म्हणाली, "नाही आजी, हीटिंग लावत नाही. फार बिल येतं असं सगळे म्हणतात." मग काय लावतेस? तर चार भिंतींत एक छोटा विजेचा हीटर, जुना विकत घेतलेला. आईबाबांना का नाही सांगितलंस? "त्यांना टेन्शन नको."

आता शिक्षकी पेशातली माणसं लगेच फळा घेऊन बसतात, त्याला इलाज नाही. तो हीटर दोन किलोवॅटचा. दिवसाला पाच तास लावला तर दहा युनिट. महिन्याचे तीनशे युनिट. इंग्लंडमध्ये विजेच्या युनिटला साधारण २५ पेन्स धरले तर झाले ७५ पौंड, म्हणजे आपले आठ हजारांहून जास्त. तिथे गॅसचंही मोजमाप युनिटातच होतं, आणि गॅसचं एक युनिट विजेच्या साधारण पाव किमतीला पडतं. म्हणजे ज्या सेंट्रल हीटिंगला ती घाबरत होती ते गॅसवर चालणारं, आणि ज्या हीटरला ती स्वस्त समजत होती तो तेवढ्याच उष्णतेला जवळजवळ चौपट पैसे खाणारा. गॅसवर सगळं घर तापतं हे खरं, पण त्या घरात पाच जणी राहतात, बिल पाच ठिकाणी वाटलं जातं, आणि न वापरलेल्या खोलीतला रेडिएटर बंद ठेवता येतो. तिथे विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. ताशी बारा-साडेबारा पौंड मिळाले तर तो हीटर तिची महिन्याची सहा तासांची मजुरी गिळत होता. वर थंडी होतीच.

हुशार मुलगी आहे हो. दहावीला विज्ञानात उत्तम मार्क होते. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल, हे तिने उत्तरपत्रिकेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. पण घरातलं मीटर कुठल्या भिंतीवर आहे, हे वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत तिला कुणी दाखवलं नव्हतं. का? तर "तू फक्त अभ्यास कर." मग अभ्यास म्हणजे तरी काय होता? ३६ लाख ज्यूल पाठ करणं हा अभ्यास, आणि समोरच्या हीटरला महिन्याला किती पैसे लागतील हे काढणं म्हणजे "बाकीचं"?

माझे विषय मराठी आणि इतिहास. तरीही नववीच्या वर्गात मी दरवर्षी एकदा विजेचं बिल वाचायला लावत असे, आणि तेही मराठीच्या तासाला. एका सहकाऱ्यांनी विचारलं, "बाई, हे गणिताचं काम नाही का?" मी म्हटलं, नाही. बिल हा मजकूर आहे. आधी तो वाचता आला पाहिजे, बेरीज नंतर. मागील रीडिंग, चालू रीडिंग, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क... मुलांना वाटायचं बाईंनी संस्कृत आणलं. मग एकेक शब्द सोडवायचा. 'स्थिर आकार' समजावायला तर आमच्या गावाइतका सोपा दाखला नाही. चाकरमानी मुंबईला, घराला कुलूप, वर्षात गणपती आणि शिमग्याला काय ते चार दिवे लागणार. तरी बिल येतंच ना? का येतं? जोडणी ठेवल्याबद्दल येतं, वापर असो वा नसो. पोरं लगेच म्हणायची, "हो बाई, आमच्या काकांचं येतं!"

आता गंमत बघा. इंग्लंडच्या बिलात 'स्टँडिंग चार्ज' नावाची ओळ असते. दिवसाला काही पेन्स, वीज वापरा की न वापरा. नाताळच्या सुट्टीत घर बंद ठेवून भारतात आलेली मुलं परत जाऊन बिल बघतात आणि "आम्ही नव्हतो तरी पैसे कसे?" म्हणून हबकतात. ज्याला कुलूपबंद घराचा स्थिर आकार माहीत आहे तो हबकणार नाही. आपल्याकडे मीटर बघणाऱ्याला रीडिंग मिळालं नाही की सरासरीचं बिल येतं. तिकडेही अंदाजाचं बिल येतं. इथे सरासरी बिलावर तक्रार करायची माहीत असेल, तर तिथेही मीटरचा आकडा कळवून बिल दुरुस्त करून घेता येतं. दर निराळे, भाषा निराळी, पण बिलाचं व्याकरण तेच. ज्याला घरचं बिल वाचता येतं त्याला जगाच्या पाठीवरचं कुठलंही बिल वाचता येतं. आणि ज्याला घरचंच येत नाही त्याला परदेशातलं प्रत्येक बिल म्हणजे नोटीस वाटते.

भीती ही सगळ्यात महाग पडते. शेफील्डच्याच त्या घराची पुढची हकिकत ऐका. पाच जणींचं घर, बिल मात्र एकीच्या नावावर. आधीच्या वर्षी जी राहत होती तिच्या नावावर असंच होतं. जूनमध्ये बाकीच्या चौघी आपापल्या वाटेने गेल्या, थकलेली रक्कम हिच्या नावावर राहिली, आणि कंपनीची पत्रं हिलाच. कंपनीचं नाव लिहिण्यात अर्थ नाही, कुठल्याही कंपनीने हेच केलं असतं. ज्याचं नाव त्याची जबाबदारी. भाड्याचंही तसंच. सगळ्यांनी मिळून एकच करार केला असेल तर एकीने भाडं बुडवलं की मालक बाकीच्यांकडे मागू शकतो. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहून हात पोळलेले लोक आपल्या तालुक्यात काही कमी नाहीत. मग जामीन म्हणजे काय हे आपल्या पोरांना आपण का सांगत नाही?

तिकडे काही कायदे विद्यार्थ्यांच्या बाजूचेही आहेत, पण ते माहीत असलेल्यालाच उपयोगी. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, माफ असतो. एक जरी नोकरीवाला त्यात राहायला आला तर ती पूर्ण माफी जाते. बिल थेट भाडेकरू भरत असेल तर पुरवठादार कंपनी बदलायचा हक्क त्याला आहे. मालक स्वतः वीज घेऊन भाडेकरूंना विकत असेल तर त्याला युनिटमागे स्वतः मोजलेल्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही. कंपनीने आपल्या चुकीने बिलच दिलं नसेल तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे तिला मागे जाऊन मागता येत नाहीत, हा नियम २०१८ पासून आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट फुकट आहे. खोलीची किल्ली हातात आली त्या दिवशी मीटरचा फोटो काढायचा, तारखेसकट, आणि तो आकडा कंपनीला कळवायचा. नाहीतर आधीच्या भाडेकरूने जाळलेली वीज आपल्या माथी येते. काही घरांत आपल्या मोबाईलसारखं रिचार्जचं मीटर असतं. त्यावर आधीच्याची उधारी चढलेली असू शकते आणि आपण भरलेल्या पैशांतून ती गुपचूप वळती होत राहते.

जर्मनीला जाणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. परदेशी विद्यार्थ्यांत तिथे आज भारतीयच सर्वांत जास्त आहेत. व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. महिन्याला ९९२ युरो काढता येतात. घरच्यांना वाटतं, झालं, राहण्याचा खर्च सुटला. पण तिथे भाड्याचे दोन प्रकार. एक 'थंड' भाडं, म्हणजे नुसत्या खोलीचं. दुसरं 'गरम' भाडं, म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्या गरम भाड्यातही नसतं. आणि दरमहा भरतो ती हीटिंग-पाण्याची रक्कम बरेचदा उचल असते, वर्षाअखेर हिशेब होतो. तो हिशेब पाठवायला मालकाला वर्ष संपल्यावर पुढचे बारा महिने मुदत असते. म्हणजे पोरगा शहर सोडून दुसरीकडे नोकरीला लागला तरी मागून बिल येऊ शकतं. कधी पैसे परतही मिळतात, पण नवा पत्ता कळवून ठेवला असेल तर! शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी आहे, २०२१ पासून घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावी लागते. ती माणशी नसून घरामागे असते, म्हणून एकाच घरात चौघांनी चार वर्गण्या भरायचं कारण नाही. हे ज्याला माहीत नाही तो एकतर चौपट भरतो, नाहीतर जर्मनमधलं पत्र कळत नाही म्हणून फेकून देतो. मग थकबाकी वाढत जाते.

एवढं बोलले की घरातला कुणीतरी वडीलधारा हमखास म्हणतो, "हाल सोसल्याशिवाय विद्या येत नाही. बाबासाहेबांनी लंडनमध्ये काय दिवस काढले!" महाडच्या परिसरात हा दाखला लगेच ओठावर येतो, आणि यायलाच हवा. १९२७ च्या मार्चमध्ये ज्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते त्याआधी काही वर्षं लंडनमध्ये भाडेकरू विद्यार्थी होते. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून शिल्लक टाकून, वर मित्राकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा शिकायला गेले. १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, आज तिथे स्मारक आहे. पण त्यांचा दाखला उपाशी राहायला आणि कुडकुडायला देऊ नका. त्यांना हाल सोसावे लागले कारण दुसरा मार्ग नव्हता. त्यात मोठेपण हालांचं नव्हतं. मोठेपण हे की पै-पैचा हिशेब करणाऱ्या त्या विद्यार्थ्याने १९२३ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती रुपयाच्याच प्रश्नावर. पैसा कसा चालतो, दर कोण ठरवतं, भार कुणाच्या डोक्यावर पडतो, हे त्यांनी मुळापासून वाचलं. बाबासाहेबांचं नाव घ्यायचं असेल तर पोरांना हे शिकवा.

आणि थंडीला हाल म्हणून मिरवू नका. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तिथली थंडी आणि न मानवणारं अन्न यांनी तब्येत ढासळत गेली, क्षयाने गाठलं, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या काळी औषध नव्हतं, पर्याय नव्हता. आज पर्याय असताना, निव्वळ बिलाचा धसका म्हणून कुणाची मुलगी हीटिंग बंद करून बसत असेल, तर त्याला मी जिद्द म्हणणार नाही. तिला आपण ते वाचायला शिकवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप एजंट लोकांचा. "मॅडम, सगळं भाड्यात धरलेली खोली घ्यायची, कटकट नाही." पहिल्या वर्षासाठी हा सल्ला वाईट नाही, मी स्वतःही तोच देईन. पण भाड्यात धरलं म्हणजे फुकट नव्हे, ते भाड्यातच घातलेलं असतं. बरेचदा करारात वापराची मर्यादा लिहिलेली असते आणि त्यावरचे पैसे वेगळे. ती ओळ करारात आठव्या पानावर असली तरी वाचावी लागते. शेवटी पुन्हा वाचनच आलं की! आणि यासाठी विमानात बसायचीही गरज नाही. पुण्यात बघा. घरमालक एका मीटरवर आठ मुलं ठेवतो, प्रत्येक खोलीला आपलं खासगी मीटर लावतो आणि युनिटला मनाला येईल तो दर घेतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, पहिल्या शंभर युनिटांना कमी, पुढे जास्त. आठ जणांचा वापर एकाच मीटरवर आला की बिल वरच्या टप्प्यात जाणारच. महाडहून गेलेल्या किती मुलांनी मालकाला "मूळ बिल दाखवा" म्हटलंय? दाखवा म्हणायला धाडस लागतं, आणि दाखवल्यावर वाचायला अक्कल लागते. दोन्ही घरातून न्यायची असतात.

घरातून आपण काय देतो? लोणचं, पापड, चटण्या, प्रेशर कुकर, देवाची तसबीर. सामान तेवीस किलोच्या वर गेलं म्हणून रात्रभर जागून पुन्हा बांधतो. या सगळ्यात एक वजन नसलेली गोष्ट राहून जाते. आमच्याकडे जुन्या घरांत दाराआड एक तार असते, बिलं तिच्यात टोचून ठेवलेली. त्या तारेला घरातला कर्ता पुरुष सोडून कुणी हात लावायचा नाही. बायकांनी नाही, कारण त्यांना काय कळतंय. मुलांनी नाही, कारण त्यांनी फक्त अभ्यास करायचा. ही तार उघडी करा, एवढंच माझं म्हणणं आहे. घरात किती येतं, किती जातं, कर्जाचा हप्ता किती, हे अठरा वर्षांच्या पोराला कळलं तर आभाळ कोसळत नाही. उलट ज्या मुलीला घरचा खरा आकडा माहीत असतो ती "त्यांना टेन्शन नको" म्हणून थंडीत बसत नाही. ती फोन करून सांगते की एवढं बिल आलंय, यातलं एवढं बरोबर आहे, एवढ्यावर मी तक्रार केली आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा बॅगा भरायच्या आहेत त्यांना या निवृत्त बाईंचा गृहपाठ. जाण्याआधी सहा महिने घरचं वीजबिल, पाणीपट्टी, इंटरनेट आणि सिलिंडर त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या. पैसे तुमचे, हिशेब त्यांचा. दर महिन्याला मीटर वाचायचं आणि बिल येण्याआधी ते किती येईल हे कागदावर लिहायचं. बिल आलं की ताडून बघायचं. दोन महिने चुकेल, तिसऱ्या महिन्यापासून जवळ येईल. एकदा तरी तक्रार त्यांनाच करू द्या, खिडकीवर जाऊन, अर्ज मराठीत स्वतः लिहून. खिडकीवरचा माणूस खेकसला तरी तुम्ही मध्ये पडू नका. तिकडेही तासभर फोनवर गाणं ऐकत थांबावं लागतंच.

आणि विमानतळावर ते वाक्य म्हणू नका. काहीतरी म्हणायलाच हवं असेल तर म्हणा, "पोचलीस की मीटरचा फोटो काढ." गळा दाटून आला तरी एवढं म्हणता येतं.